वरून टाकलेली ओटी

३० ऑगस्ट, शनि.
गौरीच्या जेवणाला सवाष्ण मिळेना. नेरुळच्या मावशी दरवर्षी यायच्या, त्यांना डेंग्यू. सासूबाई सकाळपासून तेच घोकतायत. सुनंदा ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिच्याकडे बघून सासूबाईच म्हणाल्या, अगं, ही आपली सुनंदा आहे की, हिलाच बसव. चार महिने हिच्या हातचं खातोय, नैवेद्यसुद्धा हीच करते.

सुनंदाने पुढची पोळी तव्यावर टाकली. निघताना लिफ्टपाशी म्हणाली, "ताई, आमी गौरी-गणपती करत नाय. सोडलंय ते आमी, माझ्या आज्यापासून."

मला माहीत होतं. मे महिन्यात सोसायटीच्या गेटपासचा फॉर्म मीच भरला होता. आडनाव वाचून पेन क्षणभर थांबलं होतं, हेही आठवतं. सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तेव्हा ठरवून टाकलं. सोयीचं होतं. तिच्या पोळ्या छान होतात.

म्हटलं, एकदाच बस गं, म्हातारीच्या मनासाठी.
"बगते," म्हणाली.

१ सप्टें., सोम.
आली. हिरवी साडी, गजरा. घोसाळ्याची भजी, पुरणपोळी, सोळा भाज्या. सगळं तिनेच काल येऊन निवडून-चिरून ठेवलं होतं, आज तिलाच वाढलं. सासूबाईंनी आग्रह करकरून दोन पोळ्या जास्त घातल्या. प्रसादने तूप वाढलं. नवरा घरात काही वाढतो हे बघून सुनंदा हसली.

मग ओटी. सासूबाईंनी ओंजळीत तांदूळ घेतले आणि अगदी मायेने विचारलं, "माहेरच्या कोण गं तुम्ही? इतक्या दिवसांत विचारलंच नाही बघ."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तुपाची वाटी उचलून आत नेली. पाच पावलं. आत काही काम नव्हतं.

तिने आडनाव सांगितलं, दोन्हीकडचं. आवाज न बदलता. ते आडनाव मी इथेही लिहीत नाहीये. का? स्वतःच्या वहीत कोणापासून लपवतेय?

मी परत आले तेव्हा सासूबाईंचे हात हवेत होते. मग त्यांनी ते आणखी वीतभर उंच नेले आणि तांदूळ वरून सोडले. निम्मे फरशीवर. मग खण. मग नारळ, तोही वरूनच. पदर खाली खेचला गेला. "हं, झालं," म्हणाल्या. कुंकवाचा करंडा पाटावर सरकवला. सुनंदाने तो घेतला नाही.

सांडलेले तांदूळ तिनेच सुपलीत भरले. हाताची सवय. नारळ चपलांच्या स्टँडवर ठेवून गेली.

सासूबाई नंतर म्हणाल्या, मांडलेली ओटी अर्धी सोडता येत नाही, म्हणून पुरी केली.

३ सप्टें., बुध.
काल गौरी गेल्या. आज ओटा, भांडी, डबे, सगळीकडे गोमूत्र. सासूबाई परवापासून दूध-केळ्यावर आहेत. पहाटे देवासमोर रडत होत्या. नाटक नव्हे. चाळीस वर्षांचं सोवळं, आणि चार महिने त्यांच्या नकळत… त्यांना फसवलं ते सुनंदाने नाही. तिला तर कोणी विचारलंच नव्हतं.

सुनंदाला फोन मीच केला. प्रसादला मीटिंग होती. उद्यापासून येऊ नकोस, म्हटलं.
"चव बदलली का, ताई?"
तसं नाही गं.
"मग कसं?"
कट केला.

८ सप्टें., सोम.
पोलीस चौकीतून फोन. तिने तक्रार दिली आहे. शुक्रवारी माझा जबाब. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्यांनी ऐकलं असणारच.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका आले. चहा, खारी. त्यांचं म्हणणं, सवाष्ण कोणाला बसवायचं हा तुमच्या धर्माचा हक्क, घटनेने दिलेला. कामावरून काढणं मात्र वेगळं, तिथे कायदा येतो. म्हणजे कसं, "स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबतो."
मी म्हटलं, आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. मिक्सरच्या वर.
प्रसाद हसला. काका नाही हसले.

काढल्याचं कारण वेगळं हवं, म्हणाले. खाडे? भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. चार महिन्यांत तीन फुल्या, माझ्या हातच्या. "बास. खरं तेच सांगायचंय." खरंच आहे. फक्त तिसरी फुली आम्ही वाईला गेलो त्या दिवसाची, तेव्हा मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. आली नाही की फुली, एवढाच माझा नियम. तो मी कधी मोडला नाही.

१० सप्टें., बुध.
ऑफिसातून लवकर निघून घणसोली गावात गेले. तिची खोली शोधायला अर्धा तास. का गेले? माफी मागायला, असं रिक्षात स्वतःला सांगत होते. तोंडातून निघालं ते: आईंचं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

तिने आत बोलावलं नाही. उंबऱ्यावरच उभी. आमच्या बिल्डिंगमधली तिची बाकीची दोन्ही घरंही गेली. एकीने मेसेज केला, दुसरीने तोही नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा विनोद तिच्यापर्यंत पोचलाय: आता पोळीवाली ठेवताना पत्रिका मागवायची.

मी म्हटलं, आईंच्या श्रद्धेला खरंच धक्का बसलाय, सुनंदा.
"बसला असंल," म्हणाली. "आन् माझी नव्हती का? गजरा घालून बसले तुमच्या गौरीपुढं. माझ्या सासऱ्यानं तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. तुमी म्हनलात, म्हातारीच्या मनासाठी. माझं मन कोनी इचारलं?"

आतून खोकल्याचा आवाज आला. म्हातारा असावा. तिने दार ओढून घेतलं. आपटलं नाही.

११ सप्टें., गुरु.
उद्या अकरा वाजता. वकीलकाकांना आधी मसुदा हवाय. शाईने लिहिलं: तिला मी बसवलं. ती नको म्हणाली होती. खाड्यांमुळे काढलेलं नाही. प्रसाद वाचून म्हणाला, आईला जेलमध्ये पाठवणार का?

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुला आधीपासून ठाऊक होतं का?" एवढंच विचारलं.
हो म्हणायचं होतं. वर मान केली तेव्हा त्या गेल्या होत्या.

ते एक वाक्य मसुद्यात घातलंय, 'मला मे महिन्यापासून माहीत होते.' काका म्हणतात, हे लिहिलंत तर दोघींच्याही बाजूने उरणार नाही तुम्ही.
ते अजून पेन्सिलीने आहे.