डावी सीट

प्रिय रेणू,

काल गाडी रस्त्यावर आली. चालवायला मी होतो आणि शेजारी अम्मा. तुला हे सांगितल्याशिवाय आज दुसरं काही सुचेना, म्हणून कॉफी झाल्याबरोबर कागद घेऊन बसलो. अम्मा आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी आणायला गेलीये. ती परत यायच्या आत लिहून संपवायचं आणि कागद फाडून टाकायचा, असं ठरवलंय. का फाडायचा, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

तू पहिल्यांदा काय विचारशील ते मला माहीत आहे. इंजिनाचा आवाज कसा आहे? चांगला आहे, बाळ. सकाळी गार असताना थोडी खोकते, मग जीव धरते. तिसऱ्या गिअरला अजून कुरकुर आहे. तेल थोडं गळतं, खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय. हिरवा रंग तू म्हणाली होतीस तोच दिला. गाडी उन्हात आणली की काळपट वाटत नाही, तुझंच बरोबर होतं. मी उगाच वाद घातला.

चिकमगळूरला तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांच्या कॉफीच्या मळ्यात तुला ही गाडी दिसली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शेड पाडायची म्हणून त्या लोकांना ती तिथून हलवायची घाई होती. तू फोन केलास. "अप्पा, एक इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. उघडी, दोन सीटांची. तुमच्याहून वयानं मोठी आहे. आणू का?"

मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालो होतो. सगळा जन्म टूलरूममध्ये हत्यारं घडवण्यात गेलेला, आणि आता घरी बसून हात आखडले होते. मी म्हणालो, "आण." अम्माला विचारायचं राहून गेलं.

लॉरीतून गाडी उतरवली तेव्हा अम्मा पायरीवर उभी होती, आठवतंय? चाकं नव्हती, एका बाजूचा पत्रा गंजून जाळीसारखा झालेला. तिनं सगळीकडून बघून घेतलं. "तीन माणसांचं घर आणि दोन सीटांची गाडी," ती म्हणाली. "मी कुठं बसू? बॉनेटवर?" आपण दोघं हसलो. ती हसली नाही.

मग आपले रविवार सुरू झाले. व्हाइटफील्डला आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून तू यायचीस आणि रविवारी सकाळीच तो जुना निळा शर्ट घालून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये शिरायचीस. आपले पाने त्या गाडीच्या एकाही नटाला बसेनात, तेव्हा तू किती चिडली होतीस! इंग्लंडातलं जुनं माप, ते इथं कुठून आणायचं? शेवटी मी दोन पाने घासून तयार करून दिले. तू ते गळ्यात पडून घेतलेस, ग्रीसच्या हातांनी. माझा पांढरा बनियन तेव्हापासून काळाच आहे.

तुला एक गोष्ट कधी बोललो नाही. तू गाडीखाली सरकायचीस, तुझे पाय तेवढे बाहेर दिसायचे, आणि मी त्या पायांशी बोलत बसायचो. चेहरा दिसत नसला की तू खरं बोलायचीस. पुण्याच्या त्या मुलाला नाही म्हणायचं ठरवलंस, ते तू मला गाडीखालूनच सांगितलंस. "अप्पा, अम्माला तुम्ही सांगा. आणि तो अर्ध्या इंचाचा पाना द्या." मी दोन्ही केलं. बापाला लेकीचं एवढं ऐकायला मिळतं का? मला मिळालं, ते त्या खटाऱ्यामुळं.

ज्या रविवारी इंजिन पहिल्यांदा चालू झालं, त्या दिवशी तू जमिनीवर बसलीस आणि दोन्ही हात तोंडावर धरलेस. हसत होतीस की रडत, मला कळलं नाही. शेडभर धूर. शेजारचे रामण्णा कुंपणावरून विचारत होते, "एन आयितु सार, एन आयितु?" काय झालं ते त्यांना सांगायला मी कुंपणाकडं निघालो. एवढ्यात खालून पाणी वाहायला लागलं. रेडिएटर तळाशी फाटला होता.

तो कलासिपाळ्याला एका कारागिराकडं डाग द्यायला टाकला आणि शनिवारी सकाळी तू स्कूटरवरून आणायला निघालीस. मी जातो म्हणालो होतो की नाही? चपलासुद्धा घातल्या होत्या. तू म्हणालीस, "तुम्ही गेलात तर त्या माणसाशी गप्पा मारत दुपार कराल." हेल्मेटचा पट्टा लावलास आणि गेलीस. का ऐकलं नाहीस ग?

परतीच्या वाटेवरच्या सर्कलला, भर चौकात, पाण्याचा टँकर डावीकडं वळला. तू दिसलीच नाहीस, असं त्याचा ड्रायव्हर म्हणाला. पोलिस स्टेशनात मला तुझं हेल्मेट दिलं, पर्स दिली, आणि गोणपाटात गुंडाळलेला रेडिएटर दिला. तू तो पायाशी ठेवला होतास. त्याला एक ओरखडा नव्हता. मी तो मांडीवर घेऊन ऑटोतून घरी आलो. दुसरीकडं कुठं ठेवणार होतो?

अम्मानं तो पाहिला. "हे माझ्या घरात नको," एवढंच म्हणाली. मी तो गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली नेऊन ठेवला. गाडीवर ताडपत्री टाकली, शेडला कुलूप लावलं.

त्यानंतरचे महिने तुला काय सांगू? अम्मा माझ्याशी बोलायची ते जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, एवढंच. एकदा तुझ्या मावशीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "गाडीनं खाल्लं माझ्या पोरीला," ती म्हणत होती. "आणि ती गाडी ह्यांनी घरात आणली." मी बाहेरच्या खोलीत होतो. पेपर धरून बसलो.

वर्ष होऊन गेलं आणि व्हाइटफील्डहून एक गृहस्थ आले. असल्या जुन्या गाड्या जमवणारे, बोलायला सभ्य. कुणाकडून तरी कळलं होतं. विकणार का, म्हणाले. मी हो म्हणणार होतो, रेणू. तुला वाईट वाटेल, पण खरं तेच लिहितो. मला वाटलं, ती शेड रिकामी झाली तर अम्मा निदान मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला तरी जाईल.

अम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "विकायची नाही," ती त्यांना म्हणाली. "अजून पुरी कुठं झालीये?"

ते गेल्यावर मी विचारलं, "पुरी केलेली तुला चालेल?"

"मला काहीच चालत नाही," ती म्हणाली. "पण तिनं हात घातलेलं काम असं अर्धं पडलेलं मला बघवत नाही. पुरी करा."

मी कुलूप काढलं. आत तुझा निळा शर्ट खिळ्याला होता. तो तसाच ठेवून मी कामाला लागलो.

वायरिंग तू अर्ध्यावर सोडलं होतंस. प्रत्येक वायरला कागदी टेप, त्यावर तुझं अक्षर. डावा दिवा. हॉर्न. ब्रेक. एकीवर लिहिलं होतंस, "हे कशाचं? अप्पांना विचार." तेवढ्यात अम्मा चहा घेऊन आली. ती त्या शेडमध्ये पहिल्यांदाच येत होती. तिनं वाकून ते वाचलं.

"कशाचं आहे?" तिनं विचारलं.

"वायपरचं," मी म्हणालो.

"मग सांगायचं ना तिला," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली. मी ती टेप काढली नाही. एकही काढली नाही. वरून काळी टेप गुंडाळली. तुझं अक्षर आता सगळ्या गाडीतून आत आत फिरलंय.

रेडिएटर बसवायची वेळ आली तेव्हा मी दुसरा मिळतो का म्हणून सगळीकडं फिरलो. त्या मापाचा कुठं नव्हता. एक दिवस गच्चीवरून तो खाली आणताना अम्मा जिन्यात समोर आली.

"तोच का?"

"तोच."

तिनं जिन्याचा कठडा धरला. मला वाटलं, आता हे सगळं इथंच थांबणार. मग ती भिंतीला चिकटून बाजूला झाली. "बसवा," म्हणाली.

काल सकाळी ती स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून शेडच्या दाराशी आली. मी इंजिन गरम करत होतो. विचारलं नाही, सांगितलं नाही, दार उघडून डाव्या सीटवर बसली. सीट खाली असते ना, बसताना तिला गुडघ्याचा त्रास झाला. मी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"तिथं न्या," ती म्हणाली.

सँकी तळ्यावरून गेलो. रेणू, मला कुणी सांगितलं नव्हतं की या गाडीकडं बघून लोक हसतात. सगळे हसतात. सकाळी फिरायला आलेले म्हातारे थांबून हात वर करत होते. बसच्या खिडकीतून बायका बघत होत्या. सिग्नलला ऑटोवाला बाहेर वाकून म्हणाला, "याव गाडी सार इदु? चेन्नागिदे." कुठली गाडी, छान आहे म्हणे. बाइकवरच्या एका जोडप्यानं फोटो मागितला. ती मुलगी म्हणाली, "अंकल, आंटी, तुम्ही दोघं किती क्यूट दिसताय." अम्मा म्हणाली, "घ्या फोटो." आणि समोर बघत राहिली. कुणाच्या तरी फोनमध्ये आम्ही दोघं आहोत आता, हिरव्या गाडीत, हौशी म्हातारा-म्हातारी म्हणून.

आणि खोटं कशाला बोलू, वरच्या रिकाम्या रस्त्याला चौथा गिअर टाकला तेव्हा मला आनंद झाला. वारा तोंडावर आला, गाडी खालच्या आवाजात गुणगुणायला लागली, आणि क्षणभर मला बरं वाटलं. मग तेवढीच लाज वाटली. तू असतीस तर ओरडली असतीस, "अप्पा, अजून दाबा!" मी दाबलं नाही.

त्या सर्कलला नेहमीसारखी गर्दी होती. पुढं सरकता येईना, तापमानाची सुई चढायला लागली. कडेला शहाळीवाल्याच्या गाड्याशेजारी थांबलो. "बिसी आगिदे सार," तो म्हणाला, "स्वल्प निल्ली." तापलीये, जरा थांबा. मी बॉनेट उघडलं. डाग दिलेली जागा बघितली. कोरडी होती.

अम्मा उतरून फुटपाथच्या कडेला उभी राहिली. समोरून पाण्याचे टँकर जात होते, एकामागून एक. तिनं मान फिरवली नाही. मग माझ्याकडं आली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"तुमच्या हौसेसाठी गेली ती," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"एक आठवडा थांबलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही."

"तुम्हीच घाई केली असणार."

"हो," मी म्हणालो. "मीच केली."

तिनं मान हलवली. शहाळं अर्धं प्यायली, उरलेलं माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली. "चला. स्वयंपाक राहिलाय."

आता तुला कळलं ना, मी कागद का फाडणार आहे? घाई कुणी केली आणि कशासाठी, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. इंजिन सुरू झालं त्या संध्याकाळी तू गाडीखालून मला म्हणालीस, "अप्पा, अम्माची साठी पुढच्या रविवारी. पहिली फेरी तिची. तिला वाटतं ही गाडी आपल्या दोघांची आहे. डावी सीट पहिल्यापासून तिचीच आहे, हे तिला कळू दे. तुम्ही फाटकाशी उभं राहून हात हलवायचा. सरी?" मी "सरी" म्हणालो, कबूल झालो. म्हणून तो रेडिएटर शनिवारीच हवा होता.

हे अम्माला कसं सांगू? बॉनेटवर बसू का, असं ती कधीतरी बोलून गेली. तेच तिला रोज ऐकू येत राहील. आत्ता ती माझ्यावर रागावून सकाळी उठते, भाजी आणते, माझ्या पानात वाढते. तो राग काढून घेतला तर तो कुठं जाईल? तिच्याच अंगावर ना? माझ्या अंगावर राहिलेला बरा. मला वाईट वाटत नाही का? वाटतं. काल "मीच केली" म्हणताना तोंड कडू झालं होतं. पण ऐकून ती अर्धं शहाळं प्यायली, रेणू. बाहेर कुठं काही तोंडात घालायला तिला वर्षाहून जास्त लागलं.

फार अवघड काम देऊन गेलीस मला. यातलं काही घासून, मापात बसवून देता येत नाही.

तर आता शब्द देतो. हे तिला माझ्याकडून कधी कळणार नाही. रागानं नाही, दुखण्यात नाही, ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली तरी नाही. ती म्हणेल तेव्हा गाडी काढीन, आणि म्हणेल तिथं नेईन. तिला पुन्हा त्या सर्कललाच जायचं असलं तर तिथं नेईन. ती तेच विचारेल, आणि मी तेच उत्तर देईन.

तुझा,
अप्पा