सील तोडू नये

१४ मार्च २००५, सोमवार
फ्रिज बंद पडला. आतला लाइट लागतो, गार होत नाही. घाबरण्याचं कारण नाही. दीड वर्षापूर्वी शहापूरच्या शोरूममध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली तेव्हा भातसानगर कॉलनीतले लोक हसले होते. आता बघतील.
वत्सलाचं म्हणणं, आसनगावच्या चांगोला बोलवा, तो फ्रिज, पंखे सगळं करतो. पाडव्यासाठी तिने श्रीखंडाच्या ऑर्डरी घेतल्यात. पहिल्यांदाच, वीस किलोच्या. तिला शांतपणे समजावलं. फ्रिजच्या मागे कंपनीचं सील आहे. बाहेरच्या माणसाने तोडलं की वॉरंटी खलास. जादा सुरक्षेसाठी सीलवर सेलोटेप लावली.

१७ मार्च
शोरूम. विकताना हरेशने खुर्ची दिली होती, थंडा पाजला होता. आज उभ्याउभ्याच सांगितलं की आम्ही फक्त विकतो, तक्रार कल्याणला करा. गिऱ्हाईक होतं, त्याचाही नाइलाज.
कल्याणच्या सर्व्हिस सेंटरचा फोन दिवसभर एंगेज. म्हणजे कामाची माणसं आहेत.

२२ मार्च
कल्याणला जाऊन आलो. काउंटरवरच्या बाईंनी स्टॅबिलायझरचं बिल मागितलं. स्टॅबिलायझर आहे, बिल सापडत नाही. बिल नसेल तर स्टॅबिलायझर होता हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. पटलं. ऑफिसात मीही हेच विचारतो.

२४ मार्च
बिल सापडलं. जुन्या पंचांगात. फॅक्स केला. आता त्यांना पळायला वाट नाही.

२९ मार्च
इंजिनिअर दहा ते सहाच्या दरम्यान येणार होता. सी.एल. टाकली. दारातच खुर्ची टाकून बसलो, जेवलोही तिथेच. सव्वासहाला फोन केला. आमचा माणूस येऊन गेला, घराला कुलूप होतं, म्हणाले.
वत्सला दह्याची पातेली शेजारी धोंडूबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवून आली.

२ एप्रिल
फोन बंद, आता लेखी. पाटबंधारे खात्यात एकवीस वर्षं ड्राफ्टिंग करतोय ते उगाच नाही. चार पानं, अकरा मुद्दे. मुद्दा सात सगळ्यात जोरदार: 'माझ्या पत्नीच्या श्रीखंडविक्रीच्या व्यवसायाचे नुकसान होत असून भरपाई मिळावी.' ऑफिसात वाचून दाखवलं. आवक-जावकचा सावळाराम म्हणाला, सातवा काढा साहेब. त्याला ड्राफ्टिंगमधलं काय कळतं? रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं.

६ एप्रिल, संध्याकाळी
धोंडूबाईंकडे जावई आले, त्यांचा फ्रिज भरला. पातेली परत आली. दुपारपर्यंत दही आंबून गेलं. वत्सलाने ते मोरीत ओतलं आणि पदराला हात पुसत दोन घरी ऑर्डर होणार नाही म्हणून सांगायला गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाली.
चांगो पिशवी घेऊन दाराशी आला होता. रिले गेला असंल, अर्ध्या तासाचं काम, म्हणाला. चहा पाजून परत पाठवला. मला वाईट वाटलं. पण अशा वेळी जो खचतो तो हरतो.

८ एप्रिल
स्मरणपत्र हाती द्यायला कल्याणला गेलो. घेतलं, शिक्का मारला. घरी येतो तो फ्रिज चालू! बर्फसुद्धा धरलेला. वत्सला कोपरापर्यंत चक्क्यात. झाला एकदाचा, एवढंच म्हणाली. पत्राने दणका दिला तर. मी कल्याणला आणि यांचा माणूस इकडे. सेलोटेप तिरकी बसवून गेलाय. कंपनीच्या लोकांना नीटनेटकेपणा नाहीच.

९ एप्रिल, पाडवा
सतरा किलो गेलं. डबे मीच पोचवले. प्रत्येक घरी पत्राची हकिगत सांगितली. दोघांनी मसुदा मागितला.

२१ एप्रिल
कंपनीचं उत्तर. फ्रिज घरगुती वापरासाठी आहे. आपण मुद्दा सातमध्ये व्यवसाय लेखी कबूल केल्याने वॉरंटी रद्द. सबब इंजिनिअर पाठवण्यात आलेला नाही.
शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. मग आत जाऊन वत्सलाला विचारलं, आठ तारखेला कोण आलं होतं?
वेलची कुटत म्हणाली, "चांगो. तुमाला सांगितलं असतं तर तुमी नाय म्हटलं असतं. तुमी कागद धरून बसलेलात, माजं दूध नासत होतं."
ग्राहक मंचात जाण्याचा विचार आहे.

२४ एप्रिल, रविवार
मंचाच्या अर्जाला बसलो होतो. वत्सला म्हणाली, कंपनीनंच धंदा म्हटलंय तर दाराला बोर्ड लावा. मसुदा केला. नऊ ओळी, तीन अटी, खाली टीप. तिने वाचला, पेन मागून घेतलं आणि 'श्रीखंड मिळेल' एवढं ठेवून बाकी सगळं खोडलं.
बोर्ड लावला. अक्षर माझं आहे.