धावड्याचा फुटवा

आप्पा,

परवा आपल्या टेकडीवर झाडं लावायचा कार्यक्रम झाला. आपली म्हणतेय, पण टेकडी सरकारची. निजामाच्या राज्यात तुम्ही तिचे चौकीदार होता एवढंच. आता तिथं नुसता मुरूम उरलाय. ओळीनं खड्डे खणले होते आणि टेम्पोतून निलगिरीची रोपं आणली होती. जुनं माणूस म्हणून एक रोप माझ्याही हातात दिलं. जंगल खात्याचा एक तरणा साहेब मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आजी, इथं पुन्हा जंगल होणार बघा." मग त्यानं विचारलं, पहिलं जंगल गेलं कसं? मी म्हणाले, "लढाईच्या दिवसांत लोकांनी तोडलं." पन्नास वर्षं मी हेच सांगत आलेय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरी आले आणि कागद घेऊन बसले. ते लोक कोण होते, ते निदान तुमच्यापुढं तरी मांडावं म्हणून.

तुम्ही जन्मात एक झाड लावलं नाहीत. "लावतंय ते पीक, येतंय ते रान," असं म्हणायचात. सरकारी तोड व्हायची तेव्हा तुम्ही प्रत्येक लाकूडतोड्याच्या मागं उभे. "बुडखा वीतभर ठिव. तिरका तोड, पाणी थांबू नगं." मग तो भाग बंद. तिथं शेळी न्हाय, कुऱ्हाड न्हाय. पावसाळ्यात त्या धावड्याच्या बुडख्यांतून फुटवे यायचे, पाच-पाच, सात-सात. मी भाकरी घेऊन आले की तुम्ही मला विळा द्यायचात आणि एक सरळ फुटवा राखून बाकीचे कापायला लावायचात. एकदा मी बोलता बोलता राखलेलाच फुटवा चाळा म्हणून मोडला. तुम्ही मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "माय, वरलं पोर यंदाचं हाय, पर खालची मुळी माझ्या आज्याच्या आधीची हाय." आणि दुपारभर माझ्याशी बोलला नाहीत. मला त्यापेक्षा चापट परवडली असती.

मग माझं लग्न झालं, टेकडीच्याच पलीकडं, जळकोटच्या रस्त्यावर. जर्मनची लढाई चालू होती, पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालायच्या. माझ्या थोरल्या दिरांनी कोळशाचा ठेका घेतलेला. झाडं तोडायची परवानगी होती, बुडख्याला हात लावायची नव्हती. त्या घरात मला कुणी मोजत नव्हतं. चौकीदाराची लेक, आली ती दोन लुगड्यांनिशी, हे सासूबाई दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या. एका सकाळी मी चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि दीर कुरकुरतायत की मोटारवाले कोळसा हलका म्हणून परत पाठवतात. आणि मी बोलते. कुणी विचारलेलं नसताना बोलते. "बुडख्याचा कोळसा जड असतोय. धावड्याच्या मुळीचा तर इझता इझत न्हाय. आमचे आप्पा म्हणतेत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दिरांनी विचारलं, "पर तुजे आप्पा असतेत की टेकडीवर?" मी म्हणाले, "मंगळवारी नसतेत. हजेरीला तुळजापूरला जातेत." त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्यांदा मला आपल्याबरोबर जेवायला बसवलं. खरं सांगते आप्पा, मला फार बरं वाटलं. काय बोलून बसले ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी बरं वाटत होतं.

आमच्या बाजूच्या उतारावरचा बंद भाग, जिथं तुमची फेरी महिन्यातून एखादीच, तीन मंगळवारांत उकरून झाला. पहार घालून, मुळासकट. शेवटच्या मंगळवारानंतर चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या अंगणात आलात, पाणीही घेतलं नाहीत. माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "मंगळवार कुणी सांगितला, ते मी इचारणार न्हाय." पुढं चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "किसने खोदा?" तुम्ही म्हणालात, "मेरी नजर चुकी, साब." ठेक्याचं नाव नाही, दिरांचं नाही, माझं तर नाहीच. तुमचा पितळी बिल्ल्याचा पट्टा काढून घेतला. गावात लोक म्हणायला लागले, चौकीदारानंच खाल्लं असणार. मी ते पाणवठ्यावर ऐकलं आणि घागर उचलून घरी आले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी दांडा झाले होते, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

हा कागद ट्रंकेत तळाशी जाईल. पोरांना वाचून दाखवायचा धीर मला नाही. पण एक अजून राहिलंय.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या शिमग्यात तुम्ही अंथरुणाला खिळला होता. मी भेटायला आले की एकच विचारायचात, टेकडीवर काही फुटलंय का? मी सांगायचे, "व्हय आप्पा, मुळी राहिली असंल, गुडघ्याएवढं आलंय." पुढच्या खेपेला कमरेएवढं. शेवटच्या भेटीत तुम्ही विचारलंत, "धावड्याची पानं कशी हायत?" मी म्हणाले, "हिरवीगार हायत." तुम्ही डोळे मिटलेत, माझा हात थोपटलात आणि म्हणालात, "बरं झालं, माय."

सासरी परत चालले होते तर ओढ्याच्या काठावर एक धावडा उभा दिसला. त्याच्यावर एक पान नव्हतं. शिमग्यात धावडा उघडाच असतो, हे रानात हिंडणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पट्टा गेल्या दिवसापासून मी एकदाही टेकडीवर पाय ठेवला नव्हता, आणि तुम्हाला ते माझा हात थोपटतानाच कळलं होतं. तिथून मागं फिरले असते तर घटकाभरात तुमच्या उशाशी पोचले असते. मी थोडा वेळ उभी राहिले. मग संध्याकाळच्या भाकरीला उशीर होईल, सासूबाई बोलतील, म्हणून पुढं चालायला लागले.