गोठ्यातल्या तक्रारी

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे, कारण यथावकाश. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद आणि तिच्या गणिताला शुभेच्छा. आम्ही खुशाल आहोत. आई तर इतकी खुशाल आहे की तुला काळजी करायला काही उरलेलंच नाही, आणि त्याचीच तुला आता काळजी लागेल हेही मी जाणून आहे.

तू मला दोन कामं सांगून पाठवलंस. गाय चांगल्या घरी द्यायची आणि आईला गाडीत बसवून कायमची तुझ्याकडे आणायची. दोन्हींबद्दल लिहितोच. पण आधी थोडं मंगलाचरण. संस्कृतच्या मास्तराला थेट मुद्द्यावर यायची परवानगी नसते.

काल वरच्या शेतात जाऊन आलो. बाबांनी जन्मभर दगड वेचून रचलेली ती भिंत अजून ताठ उभी आहे. आपण विचारायचो, "बाबा, दरवर्षी नवे दगड येतात कुठून?" आणि ते कपाळ पुसत म्हणायचे, "पेरल्याशिवाय उगवणारं हे एकच पीक आहे, त्याला नावं ठेवू नका."

मक्याचं आठवतं का? दर आठवड्याला आपल्याला रोपाशेजारी उभं करायचे, आणि मका डोक्यावरून गेला की शाबासकी मक्याला! "हरलीस गं पोरी!" तू भोकाड पसरलंस तेव्हा तुला खांद्यावर घेतलं आणि मक्याला दरडावलं, "आता बोल!" इतका पक्षपाती पंच मी पुन्हा पाहिला नाही.

आणि तुझा बक्षीस समारंभ. पहाटेपासून पिकाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी आले, पहिल्या रांगेत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा मुख्याध्यापक बेशिस्त मुलांना दम देत होते. बाबांना वाटलं तुझंच नाव पुकारलं. त्यांनी अशा काही टाळ्या पिटल्या की बाकीचे पालकही पिटू लागले, आणि मुख्याध्यापक खूश होऊन आणखी बराच वेळ दम देत राहिले.

कळतंय मला. "मुद्द्यावर ये रे पंडिता," असं तू तिकडे म्हणते आहेस. येतो.

तर गाय. बाबा तिला बाईसाहेब म्हणत, कारण ती कुणाचं ऐकत नसे. बाबा गेल्यापासून शेजारचा शेतकरी येऊन धार काढतो, असा तुझा आणि माझा समज होता. तो समज बाईसाहेबांनी पहिल्या दिवशीच, शेजाऱ्यासकट, लाथाडला होता. हे ऐकून मी हात धुऊन पुढे सरसावलो. धार काढताना बाबा काहीतरी पुटपुटत, एवढं मला आठवत होतं. म्हणून मीही एक सुभाषित म्हटलं, मंद स्वरात, शुद्ध उच्चारांत. पहिल्याच यतीवर लाथ आली. बादली एकीकडे, मी एकीकडे.

आई दारात पोट धरून हसत होती. "अरे, तिला श्लोक काय ऐकवतोस? तिला घरची भांडणं लागतात!"

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून बाबांचा आवाज आला.

ताई, खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. जाऊन पाहतो तर आई! बाबांचा तपकिरी स्वेटर घालून, गाईच्या कुशीला कपाळ टेकून, आवाज जाड करून चाललेलं होतं:

"काय सांगू बाईसाहेब, आज पुन्हा चहात साखर कमी. चष्मा कुठे ठेवलास विचारलं, तर म्हणते नाकावर बघा. नाकावरच होता, ते सोडा. पण ही बोलायची पद्धत झाली का?"

आणि बादलीत धार वाजत होती.

मी विचारलं, "आई, तुला हे सगळं पाठ कसं?"

"गोठ्याच्या भिंतीपलीकडे मी चारा कापायची ना."

"बाबांना माहीत होतं?"

"मग! मला ऐकू जावं म्हणूनच बोलायचे. मी मध्येच खोकले तर आवाज चढवायचे."

मग तिने बाकीचंही ऐकवलं. "म्हातारीच्या टाचांना भेगा पडल्यात, बाईसाहेब. चपला घे म्हटलं, तर म्हणते आधी पोरांना घ्या." त्याच आठवड्यात उंबऱ्याशी नव्या चपला आल्या होत्या. कुणी आणल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आणि एकदा म्हणे, "ही नसती तर त्या दगडांना टाकून मी कधीच पळून गेलो असतो."

"तोंडावर कधी म्हणाले असं?"

"छे! तोंडावर म्हणाले असते तर मी कपाळाला हात लावून ताप बघितला असता."

आपले आईबाप एकमेकांशी बोलतच नाहीत, असं आपण लहानपणी म्हणायचो, आठवतं? सगळा संसार गोठ्यात बोलला जात होता, गाईच्या मध्यस्थीने, आणि आपण आत पांघरूण ओढून झोपलेलो.

तर, मुद्दा. शेजारी दावं घेऊन गाय न्यायला आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. तुला न विचारता. आणि आईला मी "चल" म्हटलेलं नाही. एकदाही नाही. हे लिहायला मला एवढी पानं लागली.

विषय तिनेच काढला. "पोरीने माझ्यासाठी खोली रंगवलीय ना? ती मोडू नको म्हणावं. बाईसाहेब आटल्या की व्यायच्या आधी दोनेक महिने धार नसते. तेव्हा येईन. पण कायमची नाही. तिकडे इतक्या उंच मजल्यावर मी ह्यांचं बोलणं ऐकवू कुणाला?" याचं खंडन तुझ्याकडे असेल तर कळव. पण तुझ्याकडेही नसेल.

तू रुसशील, रंगाच्या डब्यावर रागही काढशील. पण त्याआधी आज पहाटेचं ऐक. मी भिंतीपलीकडे चाऱ्यावर बसलो होतो. आई बाबांच्या आवाजात म्हणाली, "पावसात डोकं उघडं ठेवून हिंडते, बाईसाहेब. ऐकतच नाही." मग थांबली. मला वाटलं, रडते की काय. तर एकदम आपल्या खऱ्या आवाजात, खणखणीत:

"आणि तुम्ही? तुम्ही ऐकलंत का कधी माझं? बाईसाहेब, आता माझी बाजू ऐका!"

आणि सुरू झाली. जन्मभर भिंतीआड गिळलेलं सगळं, नावानिशी, तपशिलासह, मध्ये मध्ये हसत. मी श्वास रोखून बादलीच्या आवाजाकडे कान लावला. धार तुटली नाही.

अजून बरंच बाकी आहे, असं ती चहाच्या वेळी म्हणाली. तू ये. चाऱ्यावर दोघांना बसायला जागा आहे. फक्त खोकायचं नाही.

आईला न घेता परतणारा, आणि त्याचं जराही वाईट न वाटणारा,
तुझा धाकटा