भाचीची काचपट्टी पुसली त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझं रक्तदाबाचं कसं काय? मी खुशाल आहे (खोकला आहे, पण तो जुनाच).

तू धाडलंस त्या कामाला मी आल्या दिवशीच लागलो. तुझी लेक प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. डोळे घालवू नकोस, घराजवळच्या कचेरीत जागा निघाली आहे, मुकाट्याने चल, असं भाषण पाठ करून गेलो होतो. तेवढ्यात तिला कोणी बाहेर बोलावलं. समोर काचपट्टी होती आणि तिच्यावर डाग. ताई, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला डागाळलेली काच बघवते का? रुमालाने खसाखसा पुसली (रुमाल धुतलेला होता, हे तिला तीनदा सांगितलं).

तो डाग म्हणजे पोरीची तीन दिवसांची मेहनत होती.

ओरडली नाही गं! मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि म्हणाली, "मामा, तोंड उघडा." म्हटलं, आता जीभ कापते. पण तिने काडीने गाल आतून हलकेच खरवडला, ते काचेवर लावलं आणि हातमोजे घालून वर थेंबभर रंग सोडला. रंग कसला, निव्वळ पाणी! दुकानदाराने फसवलं म्हणालो, तर हसून म्हणाली, "हा एरवी गप्प असतो. डीएनएला चिकटला की मगच उजळतो."

थोड्या वेळाने डोळा लावला, तर काळ्याकुट्ट अंधारात निळे ठिपके! एकेक ठिपका म्हणजे माझ्या एकेका पेशीचं केंद्रक. बाबांचं नाक आणि आपल्या घराण्याचा हट्ट तिथेच लिहिलेला असतो म्हणे. रंग बरोबर तेवढीच जागा गाठतो, बाकी पेशी काळोखात. इतका नेमका कारागीर मी जन्मात पाहिला नाही. (आणि तुझ्या लेकीचा हातही तसाच आहे, तसूभर हलत नाही.) एकाच ठिपक्याकडे इतका वेळ बघत बसलो की तो फिकटला. दिव्याच्या झोताने तसं होतं, पण मी आपला ओशाळलो.

या गडबडीत भाषण राहून गेलं.

तुझा भाऊ

ता. क. राहून गेलं हे खोटं. दुसऱ्या दिवशी केलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मामा, माझा जीव इथे रमतो." कचेरीला लिहिलेलं तिचं नकाराचं पत्र मीच टपालपेटीत टाकलं.

ता. क. दुसरा. सूक्ष्मदर्शकाचं एक चाक अडतं, ते काम माझ्याकडे आलंय. माझे बारीक पेचकस हवेत. टपालाने नकोत, तूच घेऊन ये.

ता. क. तिसरा. पेचकस मी इथे कालच विकत घेतले. तरी ये. 'आई, बघायला ये' असं पोर स्वतः लिहायला घाबरते.