भाऊबीजेची गाडी

टिटवाळा,
११ डिसेंबर २०२४

श्री. संदेशदादांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून नवल वाटेल. मोहने काही लांब नाही आणि खिशात फोनही आहे. पण आमचं घर दीड खोलीचं, फोनवरचं सगळं योगिनीच्या कानावर जातं. तिने मला बजावलं आहे की दादाला अक्षर बोलायचं नाही, ओवाळणीच्या वस्तूची तक्रार करायची नसते. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. उत्तरही दुकानाच्या पत्त्यावरच पाठवा.

भाऊबीजेला तुम्ही ताटात गाडीची किल्ली ठेवलीत, तेव्हापासून ती येईल त्याला खिडकीतून गाडी दाखवते. त्याआधी वर्षभर तुम्ही स्वतः तिला पहाटे कल्याणला डायलिसिसला नेत होतात, ते तर आम्ही कधी विसरणार नाही. आता ते माझं काम झालं, आणि मी ते आनंदाने करतो.

पण थंडी पडल्यापासून पहाटे गाडी चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, मागून पांढरा धूर येतो, कच्च्या डिझेलचा वास सुटतो, पण इंजिन पकडत नाही. एकदा चालू झाली की मग दिवसभर काही त्रास नाही. सोमवारी आम्ही पोहोचेपर्यंत योगिनीची खाट दुसऱ्या पेशंटला दिली होती. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. तिचे पाय किती सुजतात ते तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही ही गाडी इतकी वर्षं चालवलीत, तेव्हा काय करावं ते तुम्हीच सांगा.

वहिनींना नमस्कार. आमच्यावर माया आहेच, ती राहू द्यावी.

आपला,
साईनाथ


मोहने,
१५ डिसेंबर २०२४

श्री. साईनाथराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. जावईबापू, तुम्ही देवळात जितका वेळ डोळे मिटून उभे राहता, त्याच्या निम्मा वेळ जरी गाडीपाशी दिलात तरी ती ऐकेल. जुनी गाडी म्हणजे घरातलं म्हातारं माणूस, उठवताना जरा गोंजारावं लागतं.

आधी बॅटरी बघा. टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाणी ओतून घासून काढा. दुसरं म्हणजे थंड इंजिन आधी तापवणारे हीटर. किल्ली अर्धी फिरवली की काट्यांच्या बाजूला पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. तुम्ही घाई करत असणार. आमच्याकडे असताना तिने कधी कुरकूर केली नाही.

योगिनीला सांभाळा. ती लहानपणापासून सोसून गप्प बसणारी. कळावे, जिव्हाळा असाच असू द्या.

तुमचा,
संदेश


टिटवाळा,
२२ डिसेंबर २०२४

श्री. संदेशदादांस,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. बॅटरी चांगली आहे, स्टार्टर जोरात फिरतो. दिवा विझेपर्यंत थांबतो, देवाचं नाव घेतो आणि मगच किल्ली फिरवतो. कल्याणच्या लिओ मिस्त्रीने हीटरही बाहेर काढून तपासले. सगळे लालबुंद तापतात. तरी पहाटे धूरच निघतो.

शुक्रवारी शेवटी रिक्षा केली. खड्ड्यांतून जाताना योगिनीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. ती मला म्हणाली की दादाच्या हाताला गाडी ओळखत असेल, तुम्ही अजून परके आहात. थट्टा करत होती, पण मला ते लागलं. मी दुकानाच्या टेम्पोवर कित्येक वर्षं काढली आहेत, तरी आता माझ्याच हातात काही कमी आहे असं वाटायला लागलं आहे. पहाटे गाडीत बसायची मला भीती वाटते.

एखाद्या सकाळी येऊन इंजिनाचा आवाज ऐकाल का? तेवढी माया करा.

आपला,
साईनाथ


मोहने,
२६ डिसेंबर २०२४

श्री. साईनाथराव यांस,
स. न. वि. वि.

यायला मला खरंच जमणार नाही, कामावर माणसं कमी आहेत. मला वाटतं डिझेलच्या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो. आदल्या संध्याकाळी तो कडक होईपर्यंत दाबून ठेवा. नळ्यांचे क्लिपही बदलून घ्या. एक गेलं की दुसरं, असं करत करत दोष सापडतो. धीर सोडू नका.

एक मात्र बोलतो, राग मानू नका. गाडीला चालवणाऱ्याच्या मनातली धास्ती कळते. योगिनी म्हणते त्यात तथ्य आहे. बाकी ठीक. तुमचा लोभ आहेच, त्यात भर पडावी.

तुमचा,
संदेश


टिटवाळा,
५ जानेवारी २०२५

श्री. संदेशदादांस,
नमस्कार.

क्लिप बदलले, पंप दाबला, काही फरक पडला नाही. तुम्हाला यायला जमत नाही, म्हणून आज दुपारी मीच गाडी घेऊन मोहन्याला आलो. तुम्ही घरी नव्हतात. गाडी पाहून खालच्या घरातले मारुतीअण्णा बाहेर आले. बॉनेटवर थाप मारून तिलाच म्हणाले, आलीस का बाई परत, आता पुन्हा आमच्या खांद्यांना काम.

मी विचारलं, कसलं काम. ते हसत हसत सांगत सुटले. गेल्या हिवाळ्यात गाडी तुमच्या गल्लीच्या चढावर, वरच्या टोकाला उभी असायची. पहाटे चाकांखालचे दगड काढायचे आणि ती उतारावरून सोडायची. कोपऱ्यापर्यंत इंजिनाने पकडलं नाही, तर तुम्ही अण्णांना आणि त्यांच्या पोरांना हाक मारायचात, आणि सगळे मिळून ती पुन्हा वर ढकलायचे. इंजिनात दाब राहिलेला नाही, ते उघडावंच लागेल, असं तुमच्या मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं, हेही अण्णा बोलले. आपण कुणाचं काही उघड करतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला चहा घ्या म्हणाले. मी घेतला नाही.

दादा, तुम्ही मला बॅटरी घासायला लावलीत, हीटर काढायला लावलेत, नळीतली हवा शोधायला लावलीत. प्रत्येक पत्र लिहिताना दोष कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि शेवटी तो माझ्या मनात आहे असं तुम्ही लिहिलंत. मी ते खरं मानलं. माझ्या हातून काय पाप घडलं, असं देवासमोर उभा राहून विचारत होतो.

गाडी जुनी आहे याचं मला काही वाटत नाही. दिलेल्या वस्तूची किंमत मी करत नाही. तुम्ही मला फक्त उतार सांगायला हवा होता. मी टिटवाळ्यात उतार शोधला असता.

योगिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. भावाचं नाव काढलं की तिचा चेहरा खुलतो, तो मला मोडायचा नाही. लोभाची ओळ आज लिहवत नाही.

साईनाथ


टिटवाळा,
११ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

परवा तुझा फोन आला. ह्यांनी पत्रात तुला वेडंवाकडं लिहिलं, ह्यांना गाडी चालवता येत नाही आणि खापर मात्र तुझ्यावर फोडतात, असं म्हणालास. कसलं पत्र ते मला माहीतच नव्हतं. मी ह्यांना विचारलं. ह्यांनी तुझी पत्रं दुकानातून आणून माझ्यासमोर ठेवली. स्वतः काय लिहिलं तेही सांगितलं. तुझ्याबद्दल वाईट शब्द एकही बोलले नाहीत. तू फोन केला नसतास तर मला कधी कळलंही नसतं.

मी दोन दिवस विचार करते आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास मला सोडताना तू सारखा घड्याळ बघायचास. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या की पहाटेच्या फेऱ्यांनी तुझं अंग मोडून येतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग भाऊबीजेला तू ताटात किल्ली ठेवलीस. भाऊ असावा तर असा, असं सगळे म्हणाले, आणि मी सगळ्यांसमोर रडले. तुला मला नेण्याची पाळी सोडायची होती, ती तू अशी सोडलीस. थंडीत काय होणार हे तुला माहीत होतं, आणि मी त्याच गाडीत बसणार होते.

मला आता जमत नाही, एवढं तू म्हणाला असतास तरी मी तुला ओवाळलंच असतं, रे.

सेंटरमधल्या बाईंना विनंती केली. त्यांनी मला दुपारची पाळी दिली आहे. ह्यांनी दुकानातली वेळ बदलून घेतली. उन्हात गाडी एका झटक्यात चालू होते, तेव्हा तिची काळजी करू नकोस. ह्यांना मात्र एक पत्र लिही, आणि त्यात गाडीबद्दल काही लिहू नकोस.

पुढच्या भाऊबीजेला मी असेन तर ये. येताना काही आणू नकोस.

तुझी,
योगिनी