एक जूनची जोडी

४ फेब्रु., सातारा
आकड्यांवर मॉडेल आजही बसेना. सकाळपासून नुसती लाल अक्षरं. सुरुवातीचे आकडे बदलले, कोड पुन्हा लिहिला, शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला (पीएचडीचा हा दर्जा). दुपारी एकदाचं बसलं, तर उत्तर काय? जुळ्यांच्या मुठीच्या ताकदीत एका घरात वाढल्याचा वाटा शून्य. गाइड मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुमच्या साताऱ्याकडं घराचा वाटा शून्य? आधी डेटा बघ." मेलं ते मॉडेल.

६ फेब्रु.
डेटा म्हणजे अप्पा. शाळांच्या जुन्या रजिस्टरात बापाचं नाव नि जन्मतारीख सारखी दिसली की मी जोडी उतरवते. माणसं शोधायचं काम त्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. रिटायर सुभेदार, स्कूटर, गावोगाव ओळखी. "जुळं हाय न्हवं? मग आवळ मूठ." समोरच्याला नाही म्हणायची सोयच नाही.
यादीत ते स्वतः आणि त्यांचे भाऊ तात्याही आहेत. जुळे, चेहरे वेगळे. तात्या दहा मिनिटांनी धाकटे, राहतात कराडला. रोज सकाळी फोन. "उठला का रं?" "उठलो." झालं बोलणं. अडुसष्ट वर्षांचे दोघे.

९ फेब्रु.
सापडलं! वेगळ्या चेहऱ्यांच्या जोड्यांत निम्म्याहून जास्त जण एक जूनचे. निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलाय हे मला काय आज कळलं? दोन भाऊ एकाच दिवशी शाळेत घातले, गुरुजींनी दोघांना एकच तारीख ठोकली, आणि मी शहाणीने त्यांना जुळं केलं. वयातच अंतर, मग मुठी जुळणार कशा? तेही अप्पांसमोर "व्हय साहेब" म्हणून मोकळे. पेन्शन त्याच कागदावर, नाही कोण म्हणेल?
मॅडमचा हुकूम: एक जूनवाले सगळे बाहेर. घरातलं वडीलधारं माणूस सांगेल तेवढेच परत घ्यायचे. लाळेच्या डीएनए तपासणीचा उपयोग नाही, वेगळ्या चेहऱ्यांचे जुळे आणि साधे सख्खे भाऊ त्यात सारखेच दिसतात.
अप्पा-तात्याही एक जून. पण त्यांना साक्षीला थोरली बहीण आक्का आहे. एक सही, बस.

१४ फेब्रु., सांगली
आक्का म्हणजे आत्या. त्यांची आई गेल्यावर दोघांना तिनेच वाढवलं, औंधजवळ मामाच्या गावी. मी हसत हसत फॉर्म वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून काढून उपडा ठेवला. मग,
"मी बारा वर्साची. ह्यास्नी कुटं ठिवून रानात जाऊ? गुरुजी म्हनले, धाकटा लहान हाय, फुडच्या साली आन. म्हनलं, गुरुजी, जुळं हायती. ह्यो खात न्हाई, म्हून बारीक राह्यलाय."
किती अंतर?
"दीड वरीस."
आणि दहा मिनिटं?
"ती बी मीच सांगितली."
कुणाला कधी बोलली नाहीस?
"कशाला? आय न्हवती, पन जोडी हुती. बरं वाटायचं पोरास्नी." मग माझा हात धरून, "तू लिव्हनार काय ह्ये?"
रडू आलं. बाराव्या वर्षी मला वेणी घालता येत नव्हती. सही न घेताच आले.

१६ फेब्रु., सातारा
एक जूनवाले काढून चालवलं. पहिल्या झटक्यात बसलं. घराचा वाटा भरघोस. मॅडम खूश.
पण ज्यांना वगळलं त्यांना कारण देऊन पत्र पाठवायचंच, नियम आहे. तात्यांना काय लिहू? 'आपण जुळे नसल्याने'? काकू गेल्या तेव्हा म्हणाले होते, "निम्मा मी सातारला हाय, म्हून जगतोय."
अप्पा-तात्यांची ओळ तेवढी पुन्हा घातली, साक्षीची जागा रिकामी ठेवून. एका जोडीने उत्तरात फरक पडत नाही, पाहिलं. पण खोटं ते खोटंच ना...

१८ फेब्रु.
बाकीची पत्रं छापून झाली. अप्पा-तात्यांची दोन राहिली.
अप्पा चहा घेऊन आले. "आक्का काय म्हनली?"
"सांगते सावकाश."
कप ठेवला, दारापर्यंत गेले, तिथून म्हणाले, "सांगू नको मला. आन् तात्याला तर अजिबात न्हाई. त्यो तवा लय बारका हुता, त्याला काय आठवत न्हाई."